मूळ टेबलावरची सेटिंग सगळ्या पार्टिशनांना लागावी का?

बेळगाव, चिकोडी आणि अथणी या पट्ट्यातील साखर कारखान्यांकडे उसाच्या वजनाच्या ज्या नोंदी होतात, त्या सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या डेटाबेसचे काम माझ्याकडे असते. डेटाबेस पोस्टग्रेसचा आहे आणि वजनाचे मुख्य टेबल हंगामानुसार विभागलेले आहे. म्हणजे प्रत्येक गळीत हंगामाचे एक पार्टिशन आणि त्या सर्वांच्या वर एक मूळ टेबल. हे मूळ टेबल नावापुरतेच असते. त्याची स्वतःची अशी डिस्कवर काही साठवण नसते. नोंदी असतात त्या पार्टिशनांत. त्यामुळे मूळ टेबलावर ‘ऑल्टर टेबल’ हा टेबलात बदल करणारा हुकूम चालवून एखादी सेटिंग बदलली, तर ती जुन्या पार्टिशनांनाही लागावी, की यापुढे तयार होणाऱ्या पार्टिशनांपुरती राहावी, की कोणालाच न लागता नुसती नोंद होऊन पडून राहावी, हा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटला तरी हंगामाच्या तोंडावर तो चांगलाच महाग पडू शकतो.

आमच्याकडे नव्याने आलेला निपाणीचा एक तरुण सहकारी यावर एका वाक्यात निकाल देतो. ‘‘सर, वरच्याला एकदा सांगितलं की खालच्या सगळ्यांना कळायला नको काय ओ?’’ त्याच्या म्हणण्यात दम आहे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला आणि अहवाल काढणाऱ्याला ते एकच टेबल दिसते. आत किती पार्टिशने आहेत याची त्यांना कल्पनाही नसते आणि ती असण्याची गरजही नाही. मग हुकूम एकाला दिल्यावर तो सगळ्यांपर्यंत पोचावा, ही अपेक्षा स्वाभाविकच म्हटली पाहिजे. त्याचा खरा राग निराळ्याच गोष्टीवर आहे आणि तो मला रास्त वाटतो: पोस्टग्रेस काही हुकूम खाली पोचवते, काही पोचवत नाही, आणि कोणते पोचवते याला सहज ध्यानात राहील असा नियम नाही.

मूळ टेबलात कॉलम वाढवला तर तो प्रत्येक पार्टिशनमध्ये वाढतो. ‘ओन्ली’ लावून तो फक्त मूळ टेबलात वाढवू पाहिला तर पोस्टग्रेस साफ नकार देते. २०१८ मध्ये आलेल्या ११ व्या आवृत्तीपासून मूळ टेबलावर केलेला इंडेक्स, म्हणजे नोंदी लवकर शोधण्यासाठीची सूची, सगळ्या पार्टिशनांवर आपोआप तयार होतो आणि नंतर येणाऱ्या पार्टिशनलाही मिळतो. टेबलस्पेस, म्हणजे टेबलाची फाइल डिस्कवर जिथे राहते ती जागा, बदलली तर मात्र एकही फाइल जागची हलत नाही. मालक बदलला तर फक्त मूळ टेबलाचा बदलतो. फिलफॅक्टर, म्हणजे डिस्कवरचे प्रत्येक पान किती भरायचे याचे प्रमाण, सांगायला जावे तर मूळ टेबल तो घेतच नाही. रेप्लिका आयडेंटिटी, म्हणजे दुसऱ्या सर्व्हरवर नोंद ओळखण्याची खूण, बदलली तर ती मूळ टेबलावर निमूटपणे नोंदली जाते आणि पार्टिशनांना त्याचा पत्ताही लागत नाही. हे सगळे एकाच ‘ऑल्टर टेबल’च्या पोटात चालते. यामागे थोडा इतिहास आहे. २०१७ ची १० वी आवृत्ती येईपर्यंत पोस्टग्रेसमध्ये पार्टिशन म्हणजे वारसा घेतलेली स्वतंत्र टेबले असत आणि ती जोडून ठेवण्याचे काम ट्रिगर, म्हणजे नोंद पडताच आपोआप चालणारे छोटे प्रोग्रॅम, लिहून आपणच करायचे असे; त्या जुन्या रचनेतल्या सवयी नव्या रचनेत बऱ्याच अंशी तशाच उतरल्या आहेत.

माझ्यापुरता मी एक प्रश्न विचारून निर्णय करतो: दोन पार्टिशनांत ही सेटिंग वेगवेगळी असण्यात कोणाचा काही फायदा आहे का? फायदा असेल तर मूळ टेबलावरच्या हुकुमाने जुन्या पार्टिशनांना हात लावू नये. फायदा नसेल, आणि वेगळेपणातून केवळ घोटाळाच होणार असेल, तर तो हुकूम शेवटच्या पार्टिशनपर्यंत गेलाच पाहिजे. सहकाऱ्याचा नियम सोपा आहे हे खरे, पण पहिल्याच उदाहरणाला तो अडखळतो.

ते उदाहरण टेबलस्पेसचे. चालू हंगामाचे पार्टिशन आम्ही वेगवान डिस्कवर ठेवतो, कारण वजनकाट्यावरची प्रत्येक पावती तिथे लिहिली जाते आणि शेतकऱ्याच्या बिलाचा हिशेबही त्यावरच चालतो. ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे देण्याचे कायदेशीर बंधन कारखान्यावर असल्यामुळे त्या हिशेबाला उशीर होऊन चालत नाही. संपलेल्या हंगामाची बिले भागली की ते पार्टिशन क्वचितच उघडले जाते. एखाद्या शेतकऱ्याची तक्रार आली किंवा लेखापरीक्षकाने जुनी पावती मागितली, तरच त्याची आठवण होते. ते स्वस्त, संथ डिस्कवर गेले तरी कोणाचे बिघडत नाही. किंबहुना जुने आणि नवे वेगळ्या जागी ठेवता यावे, यासाठीच तर आम्ही टेबल विभागले. अशा वेळी मूळ टेबलाची टेबलस्पेस बदलताच सर्व पार्टिशने उठून नव्या जागी गेली, तर विभागण्याचा निम्मा हेतूच वाया गेला असे म्हणावे लागेल.

शिवाय हलवणे म्हणजे नुसती नोंद बदलणे नव्हे. टेबलस्पेस बदलताना पोस्टग्रेस त्या टेबलाची फाइल नव्या जागी अक्षरशः उतरवून घेते आणि ते होईपर्यंत टेबलावर सर्वांत कडक लॉक धरून ठेवते, ज्यात साधे वाचनसुद्धा थांबते. एका हुकुमात सगळी पार्टिशने हलवायची म्हटली, तर सगळ्यांवरचे लॉक शेवटचे पार्टिशन हलून व्यवहार पूर्ण होईपर्यंत सुटणार नाहीत. हंगामात कारखाना रात्रंदिवस चालतो, फाटकाबाहेर ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्यांची रांग लागलेली असते, आणि तोडलेला ऊस उन्हात थांबला की त्याचे वजन आणि उतारा दोन्ही घटतात. एका निष्पाप दिसणाऱ्या ओळीने काटा तासन्‌तास बंद पडावा, ही कल्पनाच नको. म्हणून १२ व्या आवृत्तीपासून पोस्टग्रेसने घेतलेली भूमिका, म्हणजे मूळ टेबलावरची टेबलस्पेस ही केवळ पुढे तयार होणाऱ्या पार्टिशनांसाठी समजावी, मला पूर्णपणे पटते.

माझी तक्रार आहे ती शब्दयोजनेबद्दल. साध्या टेबलावर जी ओळ फाइल हलवते, तीच ओळ मूळ टेबलावर चालवली तर फक्त भविष्याची सूचना नोंदवते, आणि दोन्ही वेळा उत्तर तेच येते: ‘ऑल्टर टेबल’. कोणाला वाटावे, काम झाले. ओरॅकलमध्ये यासाठी ‘मॉडिफाय डिफॉल्ट ॲट्रिब्यूट्स’ असा वेगळा शब्दप्रयोग आहे. तो वाचणाऱ्याला कळते की आपण पुढच्यांसाठी सांगत आहोत, मागच्यांना हलवायचे तर प्रत्येक पार्टिशनला वेगळे सांगावे लागेल. मायएसक्यूएल दुसऱ्या टोकाला आहे. तिथे एका टेबलाच्या सर्व पार्टिशनांना एकच स्टोरेज इंजिन असावे लागते, म्हणून इंजिनाबाबत हा प्रश्नच उद्भवत नाही. पोस्टग्रेसमध्ये आणखी एक बारकावा आहे. मूळ टेबलावर नोंदलेली टेबलस्पेस फक्त ‘पार्टिशन ऑफ’ म्हणून तयार केलेल्या पार्टिशनलाच मिळते. आम्ही तसे करत नाही, कारण त्या पद्धतीत मूळ टेबलावर काही क्षण का होईना, पण कडक लॉक लागतो. आम्ही आधी स्वतंत्र टेबल तयार करतो आणि मग ‘अटॅच’ने जोडतो, ज्यात मूळ टेबलावरचा लॉक सौम्य असतो. अशा टेबलाला मूळ टेबलाची टेबलस्पेस मिळत नाही. ती स्वतः सांगावी लागते.

फिलफॅक्टरचे उत्तरही मला त्याच कारणाने योग्य वाटते. उसाची गाडी आत येते तेव्हा भरलेले वजन होऊन पावतीची नोंद तयार होते; गाडी गव्हाणीवर रिकामी होऊन परत काट्यावर आली की रिकामे वजन त्याच नोंदीत भरले जाते आणि निव्वळ वजन निघते. म्हणजे चालू हंगामातील प्रत्येक नोंद किमान एकदा बदलतेच. डिस्कवरच्या प्रत्येक पानावर थोडी जागा मोकळी सोडली, तर बदललेली नोंद त्याच पानावर बसते, आणि बदललेल्या कॉलमवर इंडेक्स नसेल तर इंडेक्सलाही हात लावावा लागत नाही. चालू पार्टिशनला ही मोकळी जागा हवी. तीन वर्षांपूर्वीच्या हंगामात आता कोणतीही गाडी रिकामी होऊन परत यायची नाही, तेव्हा तिथे ती फुकट गेली. मूळ टेबलावर फिलफॅक्टर सांगितला तर आताच्या आवृत्त्या स्पष्ट नकार देतात आणि तो शेवटच्या पातळीवरच्या पार्टिशनांवर सांगा, असे सुचवतातही. असा तोंडावर दिलेला नकार मला गप्प होकारापेक्षा शंभर पटींनी बरा वाटतो. ‘अनलॉग्ड’, म्हणजे बदलांची लॉगमध्ये नोंद न ठेवणाऱ्या, टेबलांच्या बाबतीत हेच घडले आहे: मूळ टेबलावर ती सेटिंग पूर्वी स्वीकारली जाई आणि तिचा पार्टिशनांवर काहीही परिणाम होत नसे; २०२५ च्या १८ व्या आवृत्तीने विभागलेल्या टेबलाला ती देण्यासच मनाई केली.

कॉलमच्या डिफॉल्टचा, म्हणजे काही न भरल्यास आपोआप पडणाऱ्या किमतीचा, प्रकार थोडा चमत्कारिक आहे. मूळ टेबलावर डिफॉल्ट बदलला तर तो पार्टिशनांतही बदलतो, परंतु नंतर बाहेरून तयार होऊन जोडले गेलेले पार्टिशन आपला जुना डिफॉल्ट घेऊनच येते. नोंद मूळ टेबलामार्फत भरली तर मूळ टेबलाचा डिफॉल्ट वापरला जातो आणि थेट पार्टिशनमध्ये भरली तर पार्टिशनचा. १ नोव्हेंबर २०१४ पासून आमच्या जिल्ह्याचे अधिकृत इंग्रजी नाव बदलले. आमच्या टेबलात जिल्ह्याचा एक कॉलम आहे आणि त्याला डिफॉल्ट आहे. नव्या हंगामाचे टेबल जुन्या साच्यावरून काढून जोडले आणि काट्यावरच्या संगणकांतून आलेल्या फाइली ‘कॉपी’ने थेट त्यातच भरल्या, तर त्याच हंगामाच्या नोंदींत दोन प्रकारची जिल्हानावे दिसू लागतात, मग जिल्हावार बेरीज करणारा अहवाल एका जिल्ह्याचे दोन जिल्हे करून दाखवतो. सीमेवरच्या कारखान्यांकडे ऊस दोन्ही राज्यांतून येत असल्याने जिल्ह्यांची यादी आधीच लांब असते, त्यामुळे ही एक जादा ओळ चटकन कोणाच्या नजरेत भरत नाही. डिफॉल्ट वेगळा असण्यात फायदा असेल असे प्रसंग मला फारसे सुचत नाहीत. तरीही जोडताना पोस्टग्रेसने परस्पर डिफॉल्ट बदलावा असे मी म्हणणार नाही. दोन्हींत फरक आहे अशी एक सूचना पडद्यावर दाखवली तरी पुरे.

सहकाऱ्याची बाजू मी मनापासून घेतो ती रेप्लिका आयडेंटिटीच्या बाबतीत. मुख्य कार्यालयातील अहवालाच्या सर्व्हरवर आम्ही लॉजिकल रेप्लिकेशनने वजनाच्या नोंदी पाठवतो. २०२० च्या १३ व्या आवृत्तीपासून विभागलेले टेबल थेट पब्लिकेशनमध्ये, म्हणजे पाठवायच्या टेबलांच्या यादीत, घालता येते आणि त्याची पार्टिशने त्यात आपोआप धरली जातात. एखादी नोंद बदलली की पलीकडच्या सर्व्हरवर नेमकी कोणती नोंद बदलायची, हे ओळखण्यासाठी रेप्लिका आयडेंटिटी लागते. ती सहसा प्राथमिक की, म्हणजे कधीही दोनदा न येणारी किंमत, असते. आमच्या टेबलाला प्राथमिक की नाही, कारण फार जुन्या हंगामांत एकच पावती क्रमांक दोनदा पडलेला आहे आणि त्या नोंदींना आता हात लावता येत नाही. म्हणून तिथे ‘फुल’ ही सेटिंग, म्हणजे जुनी नोंद संपूर्ण पाठवण्याची सोय वापरली आहे. मूळ टेबलावर ती सांगितलेली असते. पण प्रत्यक्ष तपासणी होते ती ज्या पार्टिशनमध्ये नोंद आहे त्याची. पार्टिशन वर्षानुवर्षे त्याच पब्लिकेशनचा भाग असले तरी त्याची सेटिंग त्याने स्वतःहूनच बाळगली पाहिजे, अशी ही रचना आहे.

याचा परिणाम काट्यावर कसा दिसतो ते सांगण्यासारखे आहे. एका कारखान्यात बॉयलर अग्निप्रदीपनाच्या आधी घेतलेल्या चाचणीत नव्या हंगामाचे पार्टिशन जोडून झाले होते आणि मूळ टेबलाची सेटिंग तपासली तर ती व्यवस्थित ‘फुल’ दिसत होती. चाचणीची गाडी आत आली, भरलेले वजन झाले, पावती छापून निघाली. नवी नोंद घालायला रेप्लिका आयडेंटिटी लागतच नाही, त्यामुळे इथवर सारे सुरळीत. गाडी रिकामी होऊन परत काट्यावर उभी राहिली आणि रिकामे वजन भरताना पोस्टग्रेसने चूक दाखवली, की या टेबलाला रेप्लिका आयडेंटिटी नाही आणि ते आपले बदल प्रसिद्ध करते, म्हणून नोंद बदलता येत नाही. गाडी आत येऊ शकते, बाहेर जाऊ शकत नाही. काट्यावरच्या माणसाला वाटले, काट्याचीच तार सुटली असेल, म्हणून त्याने आधी ती हलवून पाहिली. चाचणी होती म्हणून भागले. हंगामाच्या पहिल्या रात्री हेच झाले असते तर भरलेल्या गाड्या आत येत राहिल्या असत्या आणि अंगणात रिकाम्या गाड्या साठून राहिल्या असत्या.

आता माझ्याच प्रश्नाने तपासू. एका हंगामाचे पार्टिशन ‘फुल’ आणि दुसऱ्याचे काहीच नाही, यात कोणाचा फायदा? मला एकही प्रसंग सुचत नाही. सेटिंग बदलण्याला खर्चही नाही, कारण एकही पान पुन्हा लिहावे लागत नाही. कॅटलॉगमधील, म्हणजे डेटाबेसच्या स्वतःच्या नोंदवहीतील, एक अक्षर बदलते. लॉक कडक लागतो हे खरे, पण तो क्षणभर. एखाद्या इंडेक्सवर आधारलेली आयडेंटिटी असेल तर प्रत्येक पार्टिशनमध्ये तो इंडेक्स वेगळ्या नावाने असतो, ही अडचण पूर्वी होती. ११ व्या आवृत्तीपासून मूळ इंडेक्स आणि पार्टिशनांचे इंडेक्स एकमेकांशी जोडलेले असल्यामुळे कोणाचा कोणता, हे पोस्टग्रेसला स्वतःलाच शोधता येते. त्यामुळे हा हुकूम खाली गेलाच पाहिजे आणि नवे पार्टिशन जोडतानाही लागू झाला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. ज्याला खरोखर फक्त मूळ टेबलच बदलायचे असेल, त्याच्यासाठी ‘ओन्ली’ आहेच.

जुन्या स्क्रिप्टांचे काय, हा आक्षेप यावर येतो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. ज्यांनी गेली काही वर्षे जुने वागणे गृहीत धरून स्क्रिप्टा लिहिल्या, त्यांच्याकडे अचानक सगळी पार्टिशने बदलू लागतील. रेप्लिका आयडेंटिटीपुरती ही भीती मला कमी वाटते, कारण पीजी_डंप हे बॅकअप काढणारे साधन स्वतः ही सेटिंग लिहिताना ‘ऑल्टर टेबल ओन्ली’ असेच लिहिते. म्हणजे जुन्या बॅकअपवरून डेटाबेस उभा करताना वागणे बदलले तरी प्रत्येक पार्टिशनला त्याची मूळची सेटिंगच मिळेल. मालकाच्या बाबतीत पीजी_डंप ‘ओन्ली’ लिहीत नाही, तेव्हा तिथे वागणे बदलण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा लागेल. तसे मालक वेगळा असल्याने आमचे फारसे अडतही नाही. मूळ टेबलामार्फत वाचणाऱ्याचे हक्क मूळ टेबलावरच तपासले जातात. ओळपातळीवरील सुरक्षेचेही, म्हणजे कोणाला कोणत्या नोंदी दिसाव्यात या धोरणांचेही, तसेच आहे: मूळ टेबलावरची धोरणे पार्टिशन थेट वाचणाऱ्याला लागू होत नाहीत, म्हणून पार्टिशनांवर कोणालाही थेट हक्कच द्यायचे नाहीत, इतके पथ्य पाळले की झाले.

तोवर आमची कार्यपद्धती अशी आहे की मूळ टेबलाकडे पाहून काहीही खरे मानायचे नाही. १२ व्या आवृत्तीपासून असलेले ‘पीजी_पार्टिशन_ट्री’ हे फंक्शन मूळ टेबलाखालची सगळी पार्टिशने देते. ते ‘पीजी_क्लास’ या कॅटलॉगमधील टेबलाशी जोडले की प्रत्येकाची रेप्लिका आयडेंटिटी, टेबलस्पेस आणि मालक एका तक्त्यात दिसतात. हाच तक्ता अग्निप्रदीपनाच्या आधी छापून काटा विभागाच्या प्रमुखांसमोर ठेवला जातो, आणि चालू पार्टिशनच्या ओळीत आयडेंटिटीच्या कॉलमात ‘फुल’चे अक्षर नसेल तर काम पुढे सरकत नाही. बदल करायचाच झाला तर त्याच तक्त्यातून प्रत्येक पार्टिशनसाठी एकेक ‘ऑल्टर टेबल’ तयार करून आम्ही तो पीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या साधनातील ‘जीएक्झेक’ या हुकुमाने चालवतो. प्रत्येक हुकूम स्वतंत्र व्यवहारात असतो आणि आधी ‘लॉक_टाइमआउट’, म्हणजे लॉकसाठी थांबण्याची मुदत, काही सेकंदांवर आणलेला असतो, म्हणजे एखाद्या लांबलेल्या अहवालामुळे लॉक मिळाला नाही तर आमचाच हुकूम माघार घेतो, काट्याची रांग अडत नाही. जुना हंगाम संथ डिस्कवर नेताना मात्र तक्त्यात इंडेक्सही घ्यावे लागतात, कारण टेबलाची टेबलस्पेस बदलली तरी त्याचे इंडेक्स त्याच्याबरोबर जात नाहीत. ते वेगळ्या हुकुमाने हलवले नाहीत, तर टेबल स्वस्त डिस्कवर गेले म्हणून आपण खूश असतो आणि महागड्या डिस्कवर मोठी जागा अडवून ते तिथेच बसलेले असतात.